३६ तुकड्यांत एक पोस्टर

३० बाय ४० इंचाचं सिनेमाचं जुनं पोस्टर घेऊन स्कॅनिंगच्या दुकानात गेलात, की काउंटरवरचा पोरगा आधी पोस्टरकडे बघतो आणि मग तुमच्याकडे. ए-थ्रीच्या काचेवर ते मावत नाही. बिल्डिंगचे प्लॅन आणि नकाशे ओढणारा रुंद स्कॅनर असतो, पण त्यात कागद रोलरखालून जातो. वर्षानुवर्षं घडीत पडलेला आणि घडीवर चिरलेला पातळ कागद त्यात सोडला, तर पलीकडून चिवडाच बाहेर यायचा.

ही पोस्टरं माझी नाहीत. एका मित्राच्या वडिलांचा तंबूतला सिनेमा होता, टुरिंग टॉकीज. सांगली-सातारा-कोल्हापूरच्या जत्रा धरून ते फिरायचे. तंबू गेला, प्रोजेक्टर गेला, पोस्टरांची ट्रंक मात्र काकूंनी माळ्यावर जपून ठेवली. मी आयुष्यभर ऑफसेट प्रेसमध्ये प्लेटा केल्या, पुढे डीटीपी केलं, त्यामुळे "तुझं तू बघ काय करायचं ते" म्हणून ट्रंक माझ्याकडे आली. काकूंची अट एकच: कागद घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि त्याला सेलोटेप लावायची नाही. दुसरी अट तर मीच घातली असती.

मग राहिला कॅमेरा. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. पूर्ण पोस्टर एका फोटोत बसवलं तर इंचाला जेमतेम १३३ पिक्सेल येतात. फॉरवर्ड करायला तेवढं पुष्कळ झालं. पण ऑफसेटवर छापलेलं चित्र बारीक ठिपक्यांच्या जाळीनं बनतं, आणि पोस्टरची ही जाळीच इंचाला १०० ते १३३ ओळींची असते, आणि अशा जाळीवर जवळपास तेवढेच पिक्सेल टाकले की काय होतं हे प्रेसमधल्या माणसाला सांगावं लागत नाही. नायिकेच्या गालावर रेशमी लाटा उठतात. याला मोआरे म्हणतात. तो एकदा फोटोत बसला की नीट निघत नाही. माझा हिशेब असा, की जाळीच्या एका ठिपक्याला निदान चार पिक्सेल तरी मिळाले पाहिजेत. १३३ चोक ५३२, म्हणून इंचाला ६०० धरले. त्याहून जुनी, लिथोवर छापलेली पोस्टरं आहेत त्यांत जाळी नाही, हातानं ओढलेल्या क्रेयॉनचा दाणा आहे. त्यांना एवढं लागत नाही, पण दोन वेगळ्या पद्धती कोण सांभाळत बसणार?

६०० धरले की कॅमेऱ्याच्या एका फ्रेममध्ये १० बाय पावणेसात इंचाचा तुकडा येतो. पोस्टरभोवती अर्ध्या इंचाची मोकळी कड धरली तर ३१ बाय ४१ इंच टिपायचे आहेत. दोन शेजारी तुकडे एकमेकांवर साधारण तिसरा हिस्सा चढले पाहिजेत, नाहीतर जोडताना सॉफ्टवेअरला धरायला काही राहत नाही. आडवं ७ इंच सरकायचं, उभं ४.३ इंच. आडवे चार, उभे नऊ, एकूण ३६ फोटो. जोडून झाल्यावर चित्र साधारण १८,००० बाय २४,००० पिक्सेलचं होतं.

हे सगळं हातात कॅमेरा धरून किंवा ट्रायपॉड सरकवत करता येईल का, असं मला बरेच जण विचारतात. येईल की! पण ट्रायपॉड दर वेळी किंचित वेगळ्या कोनात बसतो, उंची केसभर बदलते, खिडकीतला उजेड सरकतो, आणि मग ३६ फोटोंतला प्रत्येक जण वेगळं भांडण घेऊन येतो. माझं सगळं जुगाड एका विचारावर उभं आहे: चूक चालेल, पण ती छत्तीसही फोटोंत तीच असली पाहिजे. कोपऱ्यात उजेड कमी पडतोय? चालेल, सगळ्या फोटोंत तेवढाच कमी पडू दे. लेन्स कडेला किंचित फुगवते? फुगवू दे, सगळीकडे सारखं फुगवू दे. जे दर वेळी सारखं चुकतं ते नंतर एका फटक्यात दुरुस्त करता येतं.

म्हणून रचना अशी केली. खाली पोस्टर ठेवायचा बेड. बेडच्या दोन लांब बाजूंना एकेक शाफ्ट, म्हणजे गोल दांडा. त्या शाफ्टवर बेअरिंग लावून सरकणारा पूल. पुलावर आडवे दोन शाफ्ट, आणि त्यांवर डावी-उजवीकडे सरकणारा गाडा. गाड्यावर कॅमेरा, तोंड खाली. लेन्स ५० मिमीची मॅक्रो. मॅक्रोच का, तर ती सपाट वस्तूसाठी बनवलेली असते, कडेपर्यंत फोकस धरते. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, एपीएस-सी, त्यामुळे लेन्सपासून कागद ५९ सेंटिमीटरवर येतो.

सामान शिवाजी उद्यमनगरात मिळालं. कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो: फाउंड्री, लेथ, मिलिंग, जे म्हणाल ते दोन गल्ल्यांत. २० मिमीचे हार्ड क्रोम शाफ्ट एका मोडीत निघालेल्या मशीनचे मिळाले. १२ मिमीचे नवे स्वस्तात मिळत होते, पण मीटरभर लांबीवर कॅमेरा मधोमध आला की ते मिलिमीटरभर झुकतात. २० मिमीचे त्या वजनाला फारसं जुमानत नाहीत. किचन ट्रॉलीचे ड्रॉवर चॅनेल लावा असंही एकानं सुचवलं. ड्रॉवरला ते छान. त्यांच्यात जो खुळखुळा असतो तो ताटल्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो.

मिस्त्रींनी चित्र बघितलं आणि म्हणाले, "साहेब, ह्याला मोटर लावूया की. बटण दाबलं की आपलं आपण पळंल."

"नको ओ. हातानंच सरकवायचंय."

"मग येवढा शाफ्ट कशाला? दोरीनं ओढा की!"

त्यांचं एका अर्थी बरोबर होतं. यूट्यूबवर असले गाडे बनवणारे सगळे स्टेपर मोटर, स्क्रू, त्या चालवणारं आर्डुइनोचं सर्किट यांच्या मागे असतात. मला त्याची गरज वाटली नाही. सात इंचांऐवजी सात इंच दोन मिमी सरकलं तरी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला फरक पडत नाही, ते आपलं आपण जागा शोधतं. फरक पडतो तो कॅमेरा तिरका झाला तर, किंवा कागदापासूनचं अंतर बदललं तर. म्हणजे अचूकता सरकण्यात नको आहे, सरळ राहण्यात हवी आहे. त्यासाठी जाड शाफ्ट आणि बिनखुळखुळ्याचं बेअरिंग लागतं, मोटर नाही. शेवटी मिस्त्रींनी एका लोखंडी पट्टीला ठरावीक अंतरावर भोकं पाडून दिली आणि स्प्रिंगची पिन बसवली. गाडा सरकवला की पिन 'टक्' करून भोकात बसते. अंधारातही चुकत नाही.

कोल्हापुरात घरी कॅमेऱ्याचा खटाटोप करायला बसलं की मूकपटांच्या काळातले इथले चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचं नाव निघतंच. त्यांचे भाऊ आनंदराव पेंटर १९१६ साली गेले, त्यांच्यासोबत सुरू झालेला कॅमेऱ्याचा ध्यास बाबूरावांनी सोडला नाही, आणि शिष्य विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये इथंच चालता सिनेमा-कॅमेरा जुळवला. त्याच माणसानं पुढे सिनेमाची पोस्टरंही रंगवली. मी तर बाजारातला कॅमेरा घेऊन त्याला फक्त चाकं लावतोय, त्यामुळे मिस्त्रींनी "तुम्ही पण बाबूरावच की" म्हटल्यावर मी चहा सांगून विषय बदलला.

बेड काटकोनात आहे का हे बघायला गवंड्याची तीन-चार-पाचची युक्ती पुरते. आणि इथं मजा बघा, ३० बाय ४० च्या पोस्टरचा कर्ण बरोबर ५० इंच भरतो. बेडवर तीस, चाळीस आणि पन्नास इंचांच्या खुणा केल्या की काम झालं. (पोस्टरं स्वतः मात्र क्वचितच बरोबर ३० बाय ४० असतात. कटिंग मशीनवाल्याचा त्या दिवशीचा मूड कसा होता त्यावर ते असतं.)

स्पिरिट लेव्हल मी वापरलीच नाही. आमच्या जुन्या घराची फरशी कुठल्याच बाजूला समपातळीत नाही आणि त्याचं कॅमेऱ्याला काही देणंघेणंही नाही. कॅमेरा जमिनीला नव्हे, बेडला काटकोनात हवा. त्यासाठी आरसा वापरायचा. पोस्टरच्या जागी एक छोटा सपाट आरसा ठेवा आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघा. लेन्सला स्वतःचंच तोंड दिसतं. ते तोंड फ्रेमच्या बरोबर मध्यावर आलं की कॅमेरा काटकोनात आहे. प्रतिबिंब दुप्पट लांब, म्हणजे जवळपास ११८ सेंटिमीटरवर असतं, त्यामुळे तेवढ्यापुरता फोकस लांब न्यावा लागतो. ही पद्धत किती तिखट आहे याचा अंदाज घ्या: कॅमेरा अर्धा अंश कललेला असला तर प्रतिबिंब मध्यापासून पाच मिमी, म्हणजे शंभरावर पिक्सेल बाजूला दिसतं. डोळ्याला अर्धा अंश कधी कळेल? मी आरसा मधोमध ठेवून कॅमेरा बसवतो, आणि मग तोच आरसा बेडच्या चारही कोपऱ्यांत नेऊन बघतो. कोपऱ्यांत प्रतिबिंब हललं तर दोष कॅमेऱ्याचा नसून शाफ्ट बेडला समांतर नाहीत, हे कळतं. मग पायाखाली पत्र्याचे शिम, म्हणजे पातळ तुकडे, घालत बसायचं. प्रेसमध्ये मशीनच्या रबरी ब्लँकेटखाली कागदाचं पॅकिंग घातलेल्या माणसाला त्यात नवीन काही नाही.

दिवे. यावर मी सगळ्यांत जास्त डोकं घातलं. दिवे खोलीत दोन्हीकडे स्टँडवर ठेवले, तर कॅमेरा सरकेल तसा प्रत्येक तुकड्यावरचा उजेड वेगळा पडेल: मधल्या तुकड्यांवर एक, कडेच्यांवर दुसरा. मग प्रत्येक फोटोची दुरुस्ती निराळी. म्हणून दिवे गाड्यावरच लावले. कॅमेरा जाईल तिथं दिवे जातात आणि फ्रेममधला उजेड तसूभर बदलत नाही. डावी-उजवीकडे लावले असते तर कडेच्या रांगेला पुलाच्या खांबावर आपटले असते, म्हणून एक पुलाच्या पुढे आणि एक मागे, दोन्ही पंचेचाळीस अंशांत. ९५ सीआरआयच्या, म्हणजे रंग जवळपास खरे दाखवणाऱ्या एलईडी पट्ट्या आहेत, डिमर न लावता, कारण स्वस्त डिमर एलईडीला भराभर चालू-बंद करतो आणि त्याचे पट्टे फोटोत उमटतात. खोलीतली ट्यूब बंद. खिडकीला काळं कापड. आणि अंगात पांढरा शर्ट नको. हे चेष्टेनं म्हणत नाही, शर्टाचा उजेड कागदावर पडतो.

कामाला बसण्याआधी पोस्टरच्या जागी पांढराशुभ्र कोरा कागद ठेवून एक फोटो घेतो. त्यात कोपऱ्यांची सावली, दिव्यांचा कमी-जास्तपणा, सगळं येतं. रॉथेरपी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरला हा कोरा फोटो दाखवला की तो बाकीच्या ३६ फोटोंतून तेवढा कमी-जास्तपणा काढून टाकतो. गाड्यावर दिवे बसवल्याची सगळी मेहनत इथं वसूल होते.

आता कागद. घडी घातलेला कागद बेडवर ठेवला की घडीच्या जागी दोन-तीन मिमीचे उंचवटे राहतात. फोकसला त्याचा त्रास नाही, लेन्सचं छिद्र एफ/८ इतकं बारीक ठेवलं की वरखाली सेंटिमीटरभर जागा मिळते. त्रास होतो जोडताना. कॅमेरा सात इंच सरकला की तोच उंचवटा आधी एका बाजूनं दिसतो, मग दुसऱ्या बाजूनं. दोन मिमीच्या उंचवट्यावरची रेघ शेजारच्या दोन फोटोंत अर्ध्या मिमीहून जास्त, म्हणजे चौदा पिक्सेल इकडची तिकडे होते. सॉफ्टवेअरनं एकीकडे जुळवलं की दुसरीकडे तुटतं आणि नायकाला दोन भुवया येतात. एकाच डोळ्याला.

काच ठेवून दाबावं तर दिव्यांची चमक, आणि चिरलेल्या घडीवर भार. इस्त्रीचं नावही काढू नका. मी बेडच पोकळ केला. १२ मिमी प्लायची उथळ पेटी, वर बारीक भोकांचा लोखंडी पत्रा, त्यावर टीपकागद, आणि पेटीला घरातला व्हॅक्यूम क्लीनर. कागद पसरला, मोटर चालू केली की तो हळूहळू बसतो. टीपकागद नसेल तर जुन्या पातळ कागदावर भोकांच्या खळ्या उमटतात. पोस्टर लहान किंवा फाटकं असेल तर उरलेला पत्रा प्लास्टिकनं झाकायचा, नाहीतर सगळी हवा तिथूनच येते. मात्र पेटी पूर्ण हवाबंद करायची नाही, बाजूला बोटभर भोक ठेवायचं. क्लीनरची मोटर आत येणाऱ्या हवेनंच थंड होते, ती अडली तर मोटर जळते. क्लीनर गॅलरीत ठेवलाय, लांब पाइप लावून, कारण त्याची थरथर पुलावर यायला नको. शेजारच्या वहिनींना अजून वाटतं की आमच्याकडे फार स्वच्छता असते. पत्रा लोखंडी असल्याचा वरकड फायदा म्हणजे हट्टी कोपऱ्यांवर माउंटबोर्डची पट्टी ठेवून वर लोहचुंबक ठेवता येतात.

पावसाळ्यात मी हे काम करत नाही. कागद दमट हवेत ताणतो, तोही एका दिशेला जास्त. चार रंग एकावर एक बसवताना प्रेसमध्ये यानंच जीव खाल्लेला आहे. इतर वेळीही एक पोस्टर सुरू केलं की एका बैठकीत संपवायचं. निम्म्या रांगा झाल्यावर जेवायला उठलं की तेवढ्यात दिव्यांच्या उबेनं कागद थोडा वाळलेला असतो.

फोटो काढणं मग अगदी कंटाळवाणं, आणि ते तसंच असावं. फोकस लावून रिंगला टेप. सगळं मॅन्युअल, फाइल रॉ (कॅमेऱ्यानं काही न बदललेली), स्टॅबिलायझर बंद. पिन टक्, दोन सेकंद थांबायचं, केबलनं लॅपटॉपवरून क्लिक. एक रांग डावीकडून उजवीकडे, पुढची उजवीकडून डावीकडे. पहिल्या फ्रेममध्ये कडेला स्टीलची फूटपट्टी आणि रंगांच्या चौकटींचं कार्ड.

जोडायला हगिन वापरतो, तेही फुकट. ते मुळात एका जागी उभं राहून गोल फिरत काढलेल्या फोटोंसाठी आहे, त्यामुळे त्याला आधी समजावून सांगावं लागतं की कॅमेरा फिरलेला नाही, सरकलाय. ते मोझॅइकचं सेटिंग शोधलं नाही तर पोस्टर वाटीसारखं वळून येतं. दुसरी भानगड जाळीची. निळं आकाश, पिवळी पार्श्वभूमी अशा भागात ठिपक्यांची एकसारखी जाळी असते, आणि सॉफ्टवेअर एक ठिपका त्याच्या शेजारच्याच ठिपक्याशी खुशाल जुळवतं. दिसायला बरोबर, असतं चूक. अशा ठिकाणी मी जुळणीचे बिंदू हातानं देतो, आणि ते कुठं देतो सांगू? घडीच्या चिरांवर, कसरीनं खाल्लेल्या भोकांवर, गंजलेल्या टाचणीच्या डागावर. अशी खूण दुसरीकडे कुठंच सापडत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर फसत नाही. ज्या पोस्टरला काळानं नीट छळलंय ते पटकन जुळतं. कोरं करकरीत पोस्टर सगळ्यांत जास्त रडवतं.

शेवटी फूटपट्टीवरून मोजमाप तपासायचं, कर्ण मोजायचे, आणि प्रत्यक्ष कागदाशी मोजायच्या टेपनं ताडून बघायचं. १६ बिटची फाइल अडीच जीबीच्या वर जाते. लॅपटॉप ती उघडेपर्यंत चहा होतो.

आणि मग काय दिसतं! एका पोस्टरवर नायिकेच्या ओठांचा लाल रंग अर्धा मिमी खाली घसरलाय. पूर्ण पोस्टर बघताना ती हसरी वाटते, मोठं करून बघितलं की ते हसू मशीनमनचं आहे. दुसऱ्यावर आकाशाच्या निळ्यात एक केस छापलाय, प्लेटवर पडलेला. माझ्या सगळ्यांत कामाची निघाली ती तळाची बारीक ओळ. १८६७ च्या कायद्यानं छापलेल्या कागदावर छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण असणं बंधनकारक केलं, आणि पोस्टरवाले ते नाइलाजानं मुंगीएवढ्या अक्षरात टाकायचे. भिंगानंही लागत नव्हती अशी अक्षरं स्क्रीनवर सरळ वाचता आली. त्यावरून कुठली पोस्टरं एकाच छापखान्यातून निघाली त्याचे गठ्ठे लावता येतायत, आणि दोन गठ्ठ्यांत चित्रकाराचा हात तोच आहे हे सहीवरून नक्की होतंय.

काकूंना पहिलं पूर्ण झालेलं पोस्टर टीव्हीला लॅपटॉप जोडून दाखवलं. त्यांनी नायक-नायिकेकडे बघितलंच नाही. कोपऱ्यातला पेन्सिलीनं लिहिलेला आकडा मोठा करायला लावला आणि म्हणाल्या, "हे ह्यांचं अक्षर. तंबूचं भाडं लिहायचे जिथं मिळंल तिथं." ट्रंकेतल्या प्रत्येक पोस्टरची मागची बाजूही आता टिपायची ठरलीय, म्हणजे काम सरळ दुप्पट.

ट्रंकेच्या तळाशी एक सहा तुकड्यांचं पोस्टर आहे, भिंतीवर सहा कागद शेजारी-शेजारी चिकटवून पूर्ण व्हायचं ते. प्रत्येक कागद बेडवर मावतो, म्हणून शाफ्ट बदलायला नकोत. ३६ गुणिले ६ म्हणजे २१६ फोटो, त्यांची सहा चित्रं, आणि त्या सहांचं पुन्हा एक. त्याआधी लॅपटॉपमध्ये रॅम वाढवायला हवी. उद्यमनगरात ती मिळत नाही.